बीच झाडांच्या जंगलात सापडलेली ही पांढरी चिकट मशरूम वॅक्सकॅप आहे का? खाल्ली तर चालेल का?

असू शकते. वॅक्सकॅप म्हणजे मेणासारख्या लागणाऱ्या मशरूमचा गट, त्यातलीच झाडांखाली येणारी आयव्हरी वूडवॅक्स, शास्त्रीय नाव हायग्रोफोरस एब्युर्नियस. पण तुम्ही फोटो वरून काढलाय, आणि पांढऱ्या मशरूमचा वरून काढलेला फोटो काही कामाचा नसतो, त्यावरून जो छातीठोकपणे नाव सांगेल तो फेकतोय असं समजा. तुम्ही लिहिलंय की अ‍ॅपने ९० टक्के मॅच दाखवलं, म्हणून आज रात्री सूप करायचा विचार आहे. ते वाचलं आणि राहवेना, कारण आमच्या घरात याच विषयावरून अजून धुसफूस चालू आहे.

आम्ही इंग्लंडात हाय विकमला राहतो, चिल्टर्न्सच्या टेकड्यांना खेटून. चुनखडीची जमीन, त्यावर बीचची झाडं, ऑक्टोबरात पाऊस पडून गेला की पाचोळ्यातून काय काय वर येतं. सासूबाई संगमेश्वरहून आलेल्या, साडूभाऊही फॅमिलीसकट आलेले, म्हणून सगळे जंगलात फिरायला गेलो. साडूभाऊंना पांढऱ्या मशरूमचा घोळका दिसला, त्यांनी एकीवर मोबाइल धरला, अ‍ॅप म्हणालं स्नोई वॅक्सकॅप, खाण्याजोगी, झालं, लागले पिशवी भरायला, तीही देठ मधूनच मोडून मोडून. मी म्हटलं अहो, स्नोई वॅक्सकॅप मुख्यतः गवतात येते, जुन्या कुरणांमध्ये, इथे तर डोक्यावर बीच आहे. तर म्हणे, "मग काय अ‍ॅप खोटं बोलतं?"

सासूबाईंनी मात्र एक हातात घेतली, उलटी केली, टोपीखालच्या गिल्समधून, म्हणजे पातळ पापुद्र्यांमधून, बोट फिरवलं, वास घेतला. "हिला भेंडीसारखी तार सुटते," म्हणाल्या. "आमच्या वारुळावरची अळंबी मी काळोखातसुद्धा ओळखेन. ही कुठली कोण, मला नाय माहीत. मी नाय खायची." विषय संपला. सगळ्या जन्मात पावसाळी अळंबी खाल्लेली बाई हे म्हणते, आणि ज्यांनी मशरूम फक्त सुपरमार्केटच्या निळ्या ट्रेमध्ये बघितलीय ते पिशवी भरतायत.

घरी आल्यावर मी सगळी पिशवी पेपरवर ओतली. बहुतेक आयव्हरी वूडवॅक्सच होत्या. टोपी शुभ्र आणि बुळबुळीत, देठही बुळबुळीत, देठाच्या वरच्या टोकाला पीठ भुरभुरल्यासारखे बारीक कण, गिल्स जाड, एकमेकींपासून लांब लांब, थोड्या देठावर उतरलेल्या, बोटात चुरल्या तर मेणासारख्या लागतात. पण त्यातच काही वेगळ्या निघाल्या, टोपी कोरडी, वर दहिवर पडल्यासारखा थर, गिल्स बारीक आणि दाट. फ्रॉस्टी फनेल. तीही बीचच्या पाचोळ्यातच येते, पांढरीच असते, आणि तिच्यात मस्करीन नावाचं विष असतं, ज्याने घाम आणि लाळ नुसती वाहायला लागते, श्वासाला त्रास होतो. शिवाय पडलेल्या फांदीवरून उपटलेली एक पोर्सलीन फंगस, पांढरी, बुळबुळीत, पण गळ्याभोवती कडं असलेली. एका पिशवीत तीन जाती आणि स्कॅन एकीचा! मी सगळं बिनमध्ये टाकलं. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर माझं नाव भित्री भागूबाई आहे.

असो. तुम्ही काय बघायचं? आधी ती जमिनीतून आलीय की लाकडातून. मग मुळासकट उकरून काढा, कापू नका, कारण डेथ कॅप या जीवघेण्या विषारी मशरूमचा सगळ्यात मोठा पुरावा तळाला पिशवीसारखा असतो आणि तो कापलात की मातीतच राहतो. डेथ कॅपची पांढरीशुभ्र जातही असते आणि ती ओक-बीचखालीच येते. तिच्या गिल्स देठाला चिकटत नाहीत, दाट असतात, देठावर कडं असतं (ते कधी कधी गळूनही जातं). स्पोर प्रिंट (टोपी कागदावर उपडी ठेवली की पडणारा बीजकणांचा ठसा) पांढरा आला म्हणून खुश होऊ नका, डेथ कॅपचाही पांढराच येतो. प्रिंट मातकट तपकिरी आला तर मात्र वॅक्सकॅप नाही हे नक्की, तेव्हा व्हाइट फायबरकॅपचा संशय घ्या, तीही विषारी.

आणि बुळबुळीत पांढरी वूडवॅक्सही एकच नाही. बीचखालीच येणारी हायग्रोफोरस डिस्कोझँथस जुनी झाली की गंजासारखी तपकिरी होते, ओकखालची हायग्रोफोरस कॉसस वेगळी. या कॉसस नावावरून तज्ज्ञांमध्येच वाद होता, तो २००४ साली दोनशे वर्षं जुन्या वाळलेल्या नमुन्याचा डीएनए काढून मिटवावा लागला. आणि आमचे साडूभाऊ दोन सेकंदांत निकाल देतात.

त्यांचं दुसरं लाडकं लॉजिक म्हणजे गोगलगायीने कुरतडलीय म्हणजे सेफ. गोगलगायी डेथ कॅपसुद्धा खातात हो, त्यांना काही होत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं हीसुद्धा थाप. शिजवून विष जातं हीसुद्धा, डेथ कॅपमधलं अ‍ॅमाटॉक्सिन उकळून जात नाही.

चवीचं म्हणाल तर आयव्हरी वूडवॅक्स खाण्याजोगी मानतात, पण आधी तो बुळबुळीत थर काढत बसा आणि हाती येतं काय तर फिकं काहीतरी. त्यापेक्षा टेस्को सुपरमार्केटातली चेस्टनट मशरूम बरी.

हां, आणि लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये असाल तर तिथे मशरूम तोडायलाच बंदी आहे. इतर ठिकाणी स्वतःपुरती तोडणं १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे चोरी धरत नाहीत, विकायला तोडली तर धरतात, पण त्या त्या जागेचे नियम वेगळे असू शकतात, गेटवरचा बोर्ड वाचा. आणि हे वाचायच्या आत सूप पोटात गेलं असेल तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका, डेथ कॅपची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी दिसतात, मध्येच बरं वाटतं आणि तोवर लिव्हरची वाट लागलेली असते. उरलेली मशरूम सोबत घेऊन सरळ ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग, गाठा.

नसेल खाल्ली तर खालच्या बाजूचा आणि उकरलेल्या तळाचा फोटो टाका, मग बघू.