लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग) बसवताना जुने रबरी आयसोलेटर (स्प्रिंग आणि तिची बैठक यांच्यामधले रबर) पुन्हा वापरावेत का?

रबर मऊ, अखंड आणि बिनभेगांचे असेल तर जुने आयसोलेटर चालतात. परंतु स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरचा जोड) एकदा खोललाच आहे तर नवे घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण एवढ्याशा रबरासाठी तेच काम दुसऱ्यांदा करण्याचा कंटाळा कोणालाही येईल. आयसोलेटर मुळीच न घालण्याची चूक मात्र करू नये. स्प्रिंगचे पोलाद थेट बैठकीच्या पत्र्यावर घासू लागले की आवाज तर येतोच, शिवाय रंग निघून तिथूनच गंज धरतो.

स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकले आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. ते वर चढून राहिले तर स्टिअरिंग वळवताना ‘टण्’ असा आवाज येऊ शकतो आणि माणूस स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर संशय घेत बसतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने) स्प्रिंग दाबून बैठकीवरचा ताण पूर्ण निघाल्याशिवाय शॉकअबसॉर्बरचा वरचा नट सैल करू नये, कारण दाबातली स्प्रिंग अचानक सुटली तर ते जिवावर बेतू शकते.

कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत, अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात. बंप स्टॉप (शॉकअबसॉर्बर पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे ठोकळे) मात्र स्प्रिंगच्या उत्पादकाने तशी सूचना दिली असेल तरच कापावेत. उंची घटल्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणे) दोन्ही बदलतात, त्यामुळे शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी लागते.