प्रयोगशाळेत पोटातलं पचन कसं घडवून आणतात? खरंखुरं पोट लागतं का?

नाही लागत. बहुतेक ठिकाणी काचेची बाटली, ३७ अंशांचं शेकर-इन्क्युबेटर (बाटली उबदार ठेवून हलवत राहणारं यंत्र) आणि आम्लता मोजणारं पीएच मीटर एवढ्यावर काम भागतं. आज सर्रास वापरली जाते ती ‘इन्फोजेस्ट’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत, २०१४ साली आलेली आणि २०१९ मध्ये सुधारलेली.

समजा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घेतला. तो आधी बारीक करायचा, मग तेवढीच कृत्रिम लाळ घालून २ मिनिटं ठेवायचा. त्यानंतर या मिश्रणाइतकाच कृत्रिम जठररस. त्यात क्षार असतात आणि डुकराच्या जठरातून काढलेलं पेप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर. हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं घालून पीएच ३ वर आणायचा. हीच खरी कटकट, कारण प्रथिनं आम्ल शोषून घेतात आणि आकडा परत वर सरकतो. २ तासांत गढूळ पाण्यातले तुकडे झिजून लहान झालेले दिसतात.

पेप्सिनची पावडर घेताना वजनावर जाऊ नका. तिची ताकद बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून आधी मोजून घ्या. मिश्रणात मिलिलिटरमागे २००० युनिट (या ताकदीचं एकक) हवीत.

आता मर्यादा. खऱ्या पोटात आम्ल हळूहळू वाढतं, स्नायू अन्न घुसळतात आणि ते थोडंथोडं पुढे आतड्यात जातं. बाटलीत यातलं काहीच नाही. त्यासाठी नेदरलँड्सच्या ‘टीएनओ’ या संशोधन संस्थेनं बनवलेल्या ‘टिम’सारखी संगणकावर चालणारी यंत्रं आहेत, पण ती महागडी. दोन पदार्थांची तुलनाच करायची असेल तर बाटली पुरते.