मान डावी-उजवीकडे इतकी सहज कशी वळते? मानेच्या मणक्यांची रचना कशी असते?

मान वळते ती मुख्यतः सर्वांत वरच्या दोन मणक्यांमुळे. पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी (कमरेखालचे त्रिकोणी हाड) व माकडहाड येते. मानेचा पहिला मणका, म्हणजे ॲटलास, इतर मणक्यांसारखा भरीव नसून गोल कड्याच्या आकाराचा असतो आणि त्यावर कवटी टेकलेली असते. दुसऱ्या मणक्यातून, म्हणजे ॲक्सिसमधून, वर आलेला हाडाचा सुळका या कड्याच्या पुढच्या भागात बसतो व त्याच्याभोवती पहिला मणका डोक्यासह फिरतो. मान जेवढी वळते, त्यातील सुमारे निम्मे वळणे याच ठिकाणी होते, आणि येथे दोन मणक्यांमध्ये चकतीही (मणक्यांमधली मऊ गादी) नसते. होकार देताना डोके हलते ते मात्र प्रामुख्याने कवटी आणि ॲटलास यांच्यातील सांध्यात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, इतक्या हलत्या भागातूनच मज्जारज्जू खाली उतरतो आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. त्यामुळे अपघातात मानेला मार लागल्याची शंका असल्यास जखमी व्यक्तीची मान कोणीही वळवून पाहू नये.