जायचंय, पण तोंड पाडून बसलाय

"मॅडम, चार वर्षं ह्याच एका गोष्टीचा ध्यास घेतला होता पोरानं. आता सगळं जमून आलंय तर तोंड पाडून बसलाय. जायचंच नाही की काय ह्याला?"

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे पालक जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांच्यात ही तक्रार ठरलेली असते. मुलगा असो की मुलगी, देश जर्मनी असो की आयर्लंड, वर्णन तेच. दार लावून बसतो, सामानाला हात लावत नाही, जेवायला हाक मारली तरी खेकसतो. आईवडिलांनी आपापसांत दोन निष्कर्ष काढलेले असतात. एक तर पोरगं घाबरलंय, नाहीतर इथं कुणीतरी 'आहे'. दुसरा निष्कर्ष आई मला वडील पाणी प्यायला बाहेर गेले की सांगते. कधीकधी यातलं एखादं खरंही निघतं. पण बऱ्याचदा गाठ तिसरीकडेच असते, म्हणून अनिकेतबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याची परवानगी घेतली आहे.

अनिकेत सांगलीचा. वडील शिक्षक, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण अकरावीत. पुण्यात मेकॅनिकल केलं आणि जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. शिक्षणाची कागदपत्रं जर्मनीच्या वतीनं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र हातात आलं होतं, तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये पैसे भरून झाले होते, व्हिसाची मुलाखतही झाली होती. आता फक्त वाट बघायची होती.

पहिल्या भेटीत तो फारसं बोलला नाही. "काही नाही, ठीक आहे," एवढंच. मी त्याला एका दिवसाचा हिशेब लिहून आणायला सांगितला. मनात काय चाललंय ते लिहायचं नाही, फक्त काय केलं ते. पुढच्या वेळी त्यानं वहीचं फाडलेलं पान आणलं. त्यातला काही भाग असा होता:

"९.३० उठलो. मेल बघितली. व्हिसाचं काही नाही. ११ ला आईनं पोळी करायला शिकवली. ती मध्येच रडायला लागली. १ ला आत्याकडे जेवण. काका म्हणाले, तिकडचाच होऊ नकोस. ४ ला मेल बघितली. ५ ला बाबांबरोबर थर्मल घ्यायला. ८ ला शेजारचे भेटायला आले, काका म्हणाले ते सगळं परत. रात्री २ पर्यंत रूम शोधली. एकजण रूम न दाखवताच डिपॉझिट मागतोय."

मी विचारलं, "यात तुझं काय आहे?"

त्यानं पान माझ्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "काहीच नाही."

घरच्यांच्या हिशेबात अनिकेत सप्टेंबरअखेर जाणार होता. त्याच्या हिशेबात तो जूनमध्येच एकदा गेला होता. पुण्यातली खोली रिकामी केली, गादी मेसच्या मावशींच्या मुलाला दिली, रूममेट नोकरीला बेंगळुरूला गेला, एकजण चाकणच्या कंपनीत रुजू झाला. सकाळी धावतपळत गाठलेलं लॅब, संध्याकाळचं टेनिस बॉल क्रिकेट, रात्री अकराला टपरीवरचा कटिंग, हा चार वर्षांचा सगळा दिनक्रम एका आठवड्यात संपला. परदेशी जाणाऱ्याला निरोप देतात. हॉस्टेल सोडणाऱ्याला कोण देतो? त्यानंतर तो ज्या घरात आला तिथं दिवसाचा प्रत्येक तास 'तिकडच्या' नावानं लिहिलेला होता. पोळी तिकडच्यासाठी, थर्मल तिकडच्यासाठी, आत्याकडचं जेवणही तिकडे जाणार म्हणून. बावीस वर्षांच्या मुलानं अशा वेळी दार लावून घेतलं तर मला त्यात आजार दिसत नाही.

तरी 'जायचंय का' हा आईचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. तो मी त्याला एकट्याला विचारला, जरा वेगळ्या तऱ्हेनं. उद्या व्हिसा नाकारल्याची मेल आली, तर सगळ्यात आधी काय वाटेल?

"सुटलो वाटेल." मग बराच वेळ गप्प. "बाबांचे पैसे वाचले म्हणून. नंतर लई राग येईल. मला जायचंय, मॅडम."

तिथून कर्जाचा विषय निघाला. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नसतं, हे ऐकून नातेवाइकांना वाटतं जर्मनी फुकट आहे. पण विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाची तरतूद आधी दाखवावी लागते. ती रक्कम सध्या ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाख रुपयांच्या आसपास. पैसे त्याचेच असतात, पण तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो असेच हातात येतात. वडिलांनी ते आणि विमानाचं तिकीट, सुरुवातीचं भाडं, विमा असं सगळं धरून कर्ज काढलं होतं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. तारण म्हणून राहतं घर दिलं. अनिकेतही कर्जदार म्हणून बँकेत हजर होता. "बाबांनी सह्या करताना चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. एवढंच केलं त्यांनी. काही बोलले नाहीत," तो म्हणाला. तेव्हापासून तो रात्री मोबाइलवर हप्त्याचं गणित करत होता. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होणार आणि तो वडिलांच्या पगारातून जाणार, असं त्यानं धरलं होतं.

वडिलांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पोराच्या डोक्याला ताप नको म्हणून ते पैशाबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. मध्यमवर्गीय मराठी घरात ही पद्धतच आहे. मुलांना अंकलिपीपासून इंटिग्रेशनपर्यंत सगळं येतं, फक्त घराचे आकडे कुणी सांगत नाही.

पुढच्या भेटीला मी वडिलांना बँकेचं मंजुरीपत्र घेऊन यायला सांगितलं. मी काही बँकवाली नाही, पण कागद वाचता येतो. तो टेबलावर ठेवून बापलेकांनी ओळ न् ओळ वाचला. मुद्दलाचे हप्ते अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक वर्ष सुरू होणार नव्हते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढणार होतं आणि तेवढं दरमहा भरायचं वडिलांनी आधीच ठरवलं होतं. "एवढं जमतं रे मला. नाही जमलं तर मीच तुला फोन करीन," ते म्हणाले. अनिकेतनं विचारलं, "नक्की कराल?" यावर वडील हसले. त्या खोलीत त्या दिवशी हसण्यासारखं घडलेलं ते पहिलंच.

बाकीचं तसं सोपं होतं. घरोघरीची जेवणं बंद करून एका रविवारी सगळ्यांना घरी बोलवायचं ठरलं. आत्या रुसली, पण आली. अनिकेत सकाळी नऊ ते एक कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जायला लागला. पगार नाही, कुणी जर्मनीबद्दल विचारणारं नाही. लेथवरच्या मामांना त्यानं कॅलिपर नीट धरावा एवढीच अपेक्षा. घरी परतताना हाताला कूलंटचा वास यायचा, असं त्याची आई तक्रारीच्या सुरात, पण खुशीत सांगायची. पोळी शिकवणं आईनं सोडून दिलं. कुकर लावणं, फोडणीचं वरण आणि खिचडी, एवढं बहिणीनं शिकवलं आणि तिनं रडारड केली नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता. तिला रोज सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल हवा होता. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. म्हणजे आईची रात्री नऊची निवांत वेळ ही त्याची लायब्ररीतली दुपार. रविवारी तिकडे बहुतेक दुकानं बंद असतात, मुलं घरीच असतात. म्हणून मोठा फोन रविवारी, इतर दिवशी एक मेसेज, आणि मेसेजला उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचं, असं ठरलं. हे थांबणं आईला जड जाणार होतं, म्हणून ते तिनं माझ्यासमोर कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहिलं. व्हिसा त्यानंतर काही दिवसांनी आला. बॅगेत भडंगाची पाकिटं किती न्यायची यावर घरात पुन्हा भांडण झालं, पण ते जाहीर आणि मोठ्या आवाजात झालं. मला त्याचंच बरं वाटलं.

सगळ्यांचं असंच असेल असं नाही. खरोखर जायचं नसलेली मुलंही येतात, आणि भरलेल्या पैशांकडे बघून त्यांना ढकलू नये असंच मी सांगते. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी प्रवेश पुढं ढकलता येत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. तो पर्याय अवघड आहे, पण आहे. आणि मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, आवडत्या गोष्टीतही रमत नसेल किंवा 'मी नसलेलंच बरं' अशा अर्थाचं काही बोलत असेल, तर दिनक्रम बदलून बघत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा आली असेल तर त्याच दिवशी. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आधीपासून औषधं चालू असतील तर ती जायची वेळ आली म्हणून परस्पर बंद करू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र आणि औषधांची मूळ (जेनेरिक) नावं लिहून घ्या, तिकडच्या डॉक्टरांना इकडच्या दुकानातलं ब्रँडचं नाव कळणार नाही.