सांता, झाडूवरची म्हातारी आणि तेरा टगे

प्रश्न: मुलीच्या शाळेत नाताळला सांता येतो. आमचे हे म्हणतात, हा सगळा कोकाकोलाचा उद्योग, लाल कपडे पण त्यांनीच घातले. खरंय का? आणि सगळ्या देशांत हाच येतो का?
- एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, यांचं अर्धंच बरोबर आहे. कोकसाठी हॅडन संडब्लॉमने १९३१ पासून सांता काढला आणि तो गुबगुबीत चेहरा जगभर गेला हे मान्य, पण लाल कोट त्याच्या कितीतरी आधी थॉमस नॅस्ट या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या चित्रांत आहे, आणि नॅस्ट १८६३ पासून सांता काढत होता. आठ रेनडिअर आले १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका पेपरात छापलेल्या कवितेतून. मूळ माणूस मात्र चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं गाव. एका बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते म्हणून याने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी दंतकथा आहे (हुंड्याचं टेन्शन आपल्याला काय समजावून सांगायचं!). त्याचा सण ६ डिसेंबरला, म्हणून डच पोरांना ५ तारखेच्या संध्याकाळीच गिफ्ट मिळतात.

आणि नाही, सगळीकडे हा नाही येत. इटलीत बेफाना येते, झाडूवर बसून, ५ जानेवारीच्या रात्री. तीन राजे बाळ येशूला शोधत चालले होते, ते हिला म्हणाले चल आमच्याबरोबर, तर ही म्हणाली घर झाडायचंय, मग नंतर चुटपुट लागली आणि तेव्हापासून बिचारी दारोदार फिरतेय, चांगल्या पोरांना खाऊ आणि वांड पोरांना कोळसा. मला विचाराल तर सांतापेक्षा हीच भारी.

आइसलँडमध्ये तर तेरा भाऊ आहेत, १२ डिसेंबरपासून रोज रात्री एकेक डोंगरातून उतरतो. एक चमचे चाटतो, एक सॉसेज चोरतो, एक नुसताच रात्रभर दारं आपटतो, हा असला प्राणी आमच्या वरच्या मजल्यावर पण राहतो. खिडकीत ठेवलेल्या बुटात गिफ्ट, नाहीतर सडका बटाटा. यांची आई ग्रीला पोरं खाणारी राक्षसीण, आणि असल्या भुताखेतांची भीती पोरांना दाखवायची नाही असा फतवाच १७४६ मध्ये निघाला होता.

रशियात देद मरोज, म्हणजे थंडीचे आजोबा, नातीला घेऊन थेट न्यू इयरला येतो.

प्रश्न: आमच्या तुर्कस्तान टूरमध्ये अंताल्याजवळ 'सांताची कबर' दाखवणार म्हणे. फसवाफसवी तर नाही ना?
- एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: नाही, देम्रे गावातलं (हेच जुनं मायरा) सेंट निकोलसचं जुनं चर्च खरंच बघण्यासारखं आहे, जा. फक्त अस्थी तिथे शोधू नका, त्या १०८७ मध्ये इटलीतल्या बारीच्या खलाशांनी उचलून नेल्या, आणि राहिलेल्या आम्ही आणल्या असं व्हेनिसवाले सांगतात.