वाचक विचारतात : सुगंधी तेलं किती आणि कशी?

अंघोळीच्या बादलीत लव्हेंडर तेलाचे १० थेंब टाकले, तर पोटावर आणि मांड्यांवर लाल चट्टे उठले. तेल भेसळीचं असेल का? – वाचक, कोथरूड

भेसळ असेलही, पण अस्सल तेलानेही हेच होऊ शकतं. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीपासून काढलेलं सुगंधी अर्कतेल, पाण्यात विरघळत नाही. त्याचा वर तवंग येतो आणि पहिल्या तांब्याबरोबरच तो अंगावर पडतो. म्हणजे तेल न मिसळता थेट कातडीला लागतं. मीठ किंवा दूध घालूनही उपयोग नाही.

त्यापेक्षा अंघोळीआधी अंगाला लावायच्या तेलात ते मिसळा. हिशेब सोपा आहे. चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साधारण १०० थेंब. चमच्याला १ थेंब घातला की १ टक्का झाला. चेहऱ्याला याहून जास्त नको, अंगाला २ थेंब पुरेत. ३० मिलीची बाटली भरायची तर अनुक्रमे ६ आणि १२. मूळ तेल बदामाचं किंवा तिळाचं घ्या. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे डिसेंबरात पुण्यात बाटली उपडी केली तरी थेंब पडणार नाही.

तयार तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. आग झाली तर पाणी ओतत बसू नका. साध्या तेलाने पुसून घ्या, मग साबण लावा. लिंबाच्या सालीपासून काढलेलं किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल लावलं असेल, तर पुढचे १२ तास त्या जागेवर ऊन पडू देऊ नका. नाहीतर काळे डाग पडतात.

पावसाळ्यात दोन वर्षांच्या नातवाला सारखी सर्दी होते. निलगिरीची वाफ द्यावी का? – वाचक, सिंहगड रस्ता

नाही. निलगिरीतल्या सिनिओल या उग्र घटकाने लहान मुलांचा श्वास अडखळू शकतो, शिवाय उकळतं पातेलं कलंडण्याची भीती असतेच. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत घरोघरी आहे, तीही सोडा. कापूर तोंडात गेला तर झटके येतात. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब डॉक्टरांना विचारून घाला.

मोठ्यांनी वाफेच्या पाण्यात १ थेंब टाकावा आणि डोळे मिटून घ्यावेत. बाटली मात्र कुलपात. मुलाच्या पोटात चमचाभर तेल जरी गेलं, तरी उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि ससून किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

बोहरी आळीत गुलाब, चंदन, संत्रं सगळं एकाच भावात मिळालं. अस्सल असेल? – वाचक, हडपसर

भावानेच उत्तर दिलंय. संत्र्याचं तेल सालीतून स्वस्तात निघतं. गुलाबाच्या थोड्याशा तेलाला पाकळ्यांचे ढीग लागतात. एकाच किमतीतला माल बहुधा कृत्रिम अत्तरच. खोलीत वासासाठी ठीक, कातडीला नको.

बाटली गडद काचेची हवी, लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. टीपकागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघा : लव्हेंडरचा किंवा संत्र्याचा तेलकट डाग उरला, तर त्यात साधं तेल मिसळलंय. वाळा आणि चंदन सावकाश उडतात, तिथे ही परीक्षा चालत नाही.

लिंबूवर्गीय आणि टी-ट्री (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं) तेलं हवा लागून बिघडतात आणि मग जास्त झोंबतात. बाटली फोडल्याची तारीख लिहा. वर्ष उलटलं की ती फरशी पुसायच्या पाण्यात. घरात मांजर असेल तर तिथेही नको. टी-ट्री तर मांजराला विषच.