तापमान बदलताना ३२ कधी मिळवायचे?

सेल्सिअसचे केल्विन करायला २७३.१५ मिळवा, एवढेच. केल्विनपुढे ‘अंश’ मात्र लिहू नका. फॅरेनहाइटसाठी आधी १.८ ने गुणा, मग ३२ मिळवा: ३७ चे ६६.६, त्यात ३२ म्हणजे ९८.६. उलट येताना आधी ३२ वजा करा, नंतर १.८ ने भागा. क्रम बरोबर आहे का, हे उणे ४० घालून तपासा. दोन्हीकडे उणे ४० च यायला हवे.

खरी गफलत होते ती फरकात. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर फॅरेनहाइटवर वाढ १८ अंशांची, ५० ची नव्हे. ३२ हा फक्त शून्य सरकल्याचा आकडा आहे. वजाबाकीत तो उडून जातो. वायूंच्या सूत्रांत नेहमी केल्विनच वापरा, कारण २० अंश सेल्सिअस हे १० च्या दुप्पट गरम नसते.